पोटमाळ्याचं इन्सुलेशन करून घेतलं: माल एक नंबर, हवेच्या वाटेत मात्र घोळ

साडेतीन स्टार देतोय. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर पाच दिले असते, दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर एकच, तोही रागाने, म्हणून सगळं निस्तरेपर्यंत गप्प बसलो. कॉन्ट्रॅक्टरचं नाव घेत नाही, कारण एक तर बोलावल्यावर माणूस परत आला आणि चूक मान्य केली, आणि दुसरं म्हणजे हीच चूक मी नंतर अजून दोन घरांत बघितली, म्हणजे हा एकट्याचा दोष नाहीये.

आधी घराचं सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. वरच्या मजल्यावर खोल्या, डोक्यावर जिप्समचं सीलिंग, त्याच्यावर पोटमाळा साधारण ६०० चौरस फूट, आणि त्याच्यावर दोन्ही पाखांना लाकडी फळ्या ठोकून वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी तीनला जे तापायला लागायचं ते रात्री अकरापर्यंत निवायचं नाही. पंखा लावला की वरची गरम हवा खाली, एवढाच काय तो फरक. स्टुलावर उभं राहून सीलिंगला हात लावला तर आजारी माणसाच्या कपाळाला हात लावल्यासारखं वाटायचं. मी बरेच दिवस याच समजुतीत होतो की खोली खिडकीतल्या उन्हाने तापते, पडदे बदलले, काचेला फिल्म लावली, शेवटी एकदा दुपारी पोटमाळ्यात थर्मामीटर ठेवून आलो तर बाहेर ३८ आणि वर ५४! म्हणजे डोक्यावर तवा ठेवून आपण खाली झोपतोय.

तिघांना बघायला बोलावलं.

पहिला खालूनच मान वर करून म्हणाला फॉइल मारून देतो, संपला विषय. फॉइल वाईट नसते हां, चकाकती ॲल्युमिनियम फॉइल किरणांची उष्णता ९५ टक्क्यांच्या आसपास परतवते, आणि उन्हात तापलेलं छप्पर खाली मुख्यतः किरणांनीच उष्णता फेकतं त्यामुळे तिचा उपयोग होतो. पण तिच्यासमोर निदान इंचभर हवेची पोकळी पाहिजे. दोन्ही बाजूंनी पोकळी न ठेवता थरांमध्ये दाबून टाकली की ती फक्त अजून एक पातळ पत्रा. आणि जमिनीवर आडवी अंथरली तर वर्षा-दोन वर्षांत धूळ बसते आणि चकाकी गेली की गुण गेला, म्हणून लावायचीच तर वाशांच्या खालून, चकाकती बाजू खाली, पोकळीकडे. हे मी विचारलं तर त्याला पोकळी वगैरे काही माहीतच नव्हतं. (जाता जाता, फॉइल लावल्यावर कुणी इन्फ्रारेडची बंदूक रोखून "बघा किती थंड" दाखवलं तर हुरळून जाऊ नका. चकाकत्या पृष्ठभागावर ती बंदूक समोरच्या वस्तूचं प्रतिबिंबच मोजते. काळी चिकटपट्टी लावा, पाच मिनिटं थांबा आणि तिच्यावर मोजा.)

दुसरा स्प्रे फोमवाला. क्लोज्ड सेल (म्हणजे आतले बुडबुडे बंद असलेला) फोम इंचाला इंच सगळ्यात भारी, यात वाद नाही. पण तो पाखांना आतून मारला की मग पोटमाळा घराच्याच आत धरायचा आणि झरोके बंद करायचे. फोमही पाखांना आणि वर हवाही खेळती, असं दोन्ही एकदम चालत नाही. शिवाय पत्रा गळायला लागला तर पाणी कुठून येतंय ते फोमखाली दिसत नाही, फळी कुजेपर्यंत पत्ता लागत नाही. आणि एकदा मारला की काढायचा म्हणजे खरवडत बसा. मी नको म्हटलं.

तिसरा हा. आल्या आल्या टॉर्च मागितला आणि सरळ झाकण ढकलून वर. अर्धा तास वरून नुसते आवाज, मग खाली आला तो डोक्याला जळमटं लावून आणि म्हणाला, "साहेब, वर गादी (म्हणजे इन्सुलेशनचा थर) नंतर टाकू, आधी तुमच्या घराला भोकं किती आहेत ते बघा." तिथेच मी काम त्याला दिलं.

आणि पहिला दिवस खरंच बघण्यासारखा होता. वायरी वर येतात तिथली भोकं, लाइटच्या गोल खाचा, बाथरूमच्या पाइपाभोवतीची फट, भिंत आणि सीलिंग भेटतात तिथली लांबच लांब चीर, हे सगळं दोन माणसं पोटावर सरपटत बुजवत होती, छोट्या फटींना सीलंट, मोठ्यांना कॅनमधला फोम, पाइपाच्या बाजूला पत्र्याचा तुकडा कापून कडेने सीलंट. मी विचारलं वर जाड गादीच येणार आहे ना मग हे कशाला, तर कॉन्ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हणाला की लोकरीचा स्वेटर घालून स्कूटरवर बसा मग कळेल. बरोबर आहे, ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची ही गादी) उष्णता अडवतं ते त्याच्या धाग्यांत अडकलेल्या निश्चल हवेमुळे, हवाच आरपार वाहायला लागली तर नुसता गाळणीचा कपडा उरतो. जुन्या घरात अशी गादी उचलली की फटीच्या बरोबर वर काळा डाग दिसतो, ती बुरशीच असते असं नाही, बऱ्याचदा वर्षानुवर्षं गाळलेली धूळ असते. ज्याला घरी स्वतः काय करायचं असेल त्याने एवढं एक केलं तरी पुष्कळ. या दिवसाला पूर्ण मार्क.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेला आणि दोन नवी पोरं रोल घेऊन आली. (इथे लक्ष ठेवा, घोळ इथूनच सुरू होतो.)

माल ग्लासवूल, ५० मिलिमीटरचे रोल, दोन थर. पहिला थर आडव्या लाकडांच्या मधल्या गाळ्यांत आणि दुसरा त्याच्यावर काटकोनात, म्हणजे लाकडंही झाकली जातात, नाहीतर लाकडातून उष्णता खाली येत राहते. हिशोब सोपा आहे, ग्लासवूलची कंडक्टिव्हिटी (उष्णता किती वाहून नेतं ते) साधारण ०.०४ धरायची, जाडी मीटरमध्ये ०.१, जाडीला तिने भागा, आर व्हॅल्यू (उष्णता अडवायची ताकद) आली २.५. आता गंमत अशी की काही पाकिटांवर हाच माल १४ म्हणून लिहिलेला असतो. ते अमेरिकन फूट-इंचातलं माप, आपल्या मापाच्या ५.६८ पट दिसतं. २.५ आणि १४ एकच. दोन कोटेशनं समोर ठेवून तुलना करताना एकाचा आकडा या मापात आणि दुसऱ्याचा त्या मापात असं माझं झालं होतं आणि मी भलत्याला भारी समजत होतो.

आणि दाबून भरू नका हो कुणी. एका पोराने उरलेला तुकडा अरुंद गाळ्यात पायाने कोंबला, म्हणे वाया नको जायला. १०० ची गादी दाबून ५० केली की आत हवा उरते अर्धी, मग आर व्हॅल्यू पण घसरणारच. मी सांगितल्यावर काढून कापून बसवला.

खाजेचं म्हणाल तर होय, खाज सुटते, बारीक काचेचे धागे आहेत ते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा, चांगला मास्क, आणि नंतर थंड पाण्याने अंघोळ. बरेच जण याला ॲस्बेस्टॉसच्या माळेत बसवतात, ते काही खरं नाही. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००१ साली इन्सुलेशनच्या ग्लासवूलचा फेरविचार करून त्याला गट ३ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सरकारक म्हणून वर्गवारी करता येत नाही असा गट. ॲस्बेस्टॉस गट १ मध्ये आहे, खात्रीने कॅन्सरकारक. तरीपण मास्क न घालता वर जाऊ नका, खोकून खोकून हैराण व्हाल.

बाकी त्याच दिवशी वर एक टर्बो व्हेंटिलेटर बसवला, तो वाऱ्यावर फिरणारा कांद्यासारखा डबा, २० इंची गळ्याचा. वीज लागत नाही. विजेच्या फॅनपेक्षा मला हाच बरा वाटतो कारण खालून पुरेशी हवा येत नसेल तर तो फॅन घरातलीच गार हवा फटींतून ओढून बाहेर फेकतो आणि वर बिल तुम्हालाच.

पहिल्या आठवड्याचा रिझल्ट एकदम मस्त. बाहेर तसंच ३८ असताना खोलीत ३५ च्या जागी ३२, आणि त्याहून मोठा फरक म्हणजे सीलिंग, जे ३९-४० असायचं ते ३४. आकड्यांत तीन अंश दिसतात पण अंगाला जास्त जाणवतं, कारण डोक्यावरून येणारी धग गेली. हिने तर पहिल्याच रात्री विचारलं की एसी चालूच ठेवलाय का. एक सवय मात्र लावून घ्यावी लागली, संध्याकाळी बाहेर गार झालं की खिडक्या सताड उघडायच्या. गादी उष्णता आत येऊ देत नाही तशी आत आलेली बाहेरही जाऊ देत नाही, तिला दिशा कळत नाही.

मग थंडी सुरू झाली.

एका सकाळी बेडरूमच्या सीलिंगवर कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळट डाग. पाऊस नाही काही नाही. वर गेलो, टॉर्च मारला आणि बघतच राहिलो. पत्र्याचे खिळे फळीतून खाली आलेले असतात ना, त्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला एक थेंब. शेकडो. टॉर्चच्या उजेडात नुसतं चमचमतंय, एखादा सुटतो आणि खाली गादीवर टप्. दिसायला सुंदर होतं हे कबूल करतो, पण गादीचा वरचा थर ओला लागत होता, आणि ओलं ग्लासवूल म्हणजे मेलेलं ग्लासवूल, हवेच्या जागी पाणी.

मला आधी कळेचना, कारण इन्सुलेशनच्या आधी असं कधीच झालं नव्हतं. पण कारण तेच आहे. आधी घरातली ऊब वर जायची आणि पोटमाळा रात्री कोमट राहायचा. आता गादीने ती ऊब खाली अडवली, वरचा पत्रा रात्री उघड्या आभाळाखाली आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो, आणि दमट हवा त्या गार खिळ्याला लागली की तिथेच पाणी धरते, गार बाटलीला बाहेरून धरतं तसं. म्हणजे इन्सुलेशन जितकं चांगलं तितका पोटमाळा गार आणि तितकी हवा खेळती ठेवायची गरज जास्त. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पण हवा तर खेळती होती ना, टर्बो फिरत होता गरागरा! मग मी उदबत्ती घेऊन वर गेलो (गादीपासून लांब धरून, खाली राख पडायला ताटली, घरात कुणालातरी सांगून) आणि वळचणीला धूर धरला. वळचणीला माझ्याकडे १४ जाळ्या आहेत, तिथून धूर आत यायला पाहिजे, तो सरळ उभा, हलेचना. हात घातला तर जाळीवर ग्लासवूल. पोरांनी गादी प्रेमाने पार टोकापर्यंत सारली होती, एकही फट दिसू नये म्हणून, आणि १४ च्या १४ जाळ्या आतून गच्च. मग टर्बो हवा कुठून घेतोय? त्रिकोणी भिंतीत वरच्या बाजूला जुना झरोका आहे, टर्बोपासून हातभर अंतरावर. तिथे धूर धरला तर तो झरोक्याकडून थेट टर्बोत, एका ओळीत, सुंदर. म्हणजे बाहेरची हवा वरून आत, वरूनच बाहेर, आणि बाकी सगळा पोटमाळा जिथल्या तिथे कुंद. आढ्याचं पाणी वळचणीला म्हणतात, हवेचं बरोबर उलटं, ती वळचणीतून आत शिरून आढ्याकडून बाहेर पडायची असते, वाटेतला सगळा पोटमाळा धुऊन काढत. माझ्याकडे आढ्याची हवा आढ्यालाच.

यात भर म्हणजे बाथरूमच्या एक्झॉस्टचा पाइप. तो पोटमाळ्यातच उघडा सोडलेला होता (हे पाप जुनं, यांचं नाही), पण दिसल्यावर सांगायचं सोडून पोरांनी त्याच्यावर गादी टाकून दिली. रोज सकाळी गरम पाण्याची वाफ सरळ ग्लासवूलच्या पोटात. पिवळट डाग बरोबर त्याच्याच शेजारी.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. पहिलं उत्तर ठरलेलं, "दादा, थंडीत थोडं पाणी धरतंच, उन्हाळ्यात सुकून जाईल." मी खिळ्यांचा व्हिडिओ पाठवला, जाळीवरच्या गादीचा फोटो पाठवला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः आला, वर गेला, आणि खाली येऊन पहिलं वाक्य, "मी असतो तर हे झालं नसतं." मला ते आवडलंही आणि रागही आला. तू नव्हतास म्हणूनच तर झालं ना!

दुरुस्ती अशी केली: गादी वळचणीपासून मागे ओढली आणि प्रत्येक गाळ्यात पाखाच्या फळीखाली कोरुगेटेड प्लास्टिकच्या शीटची पन्हाळी ठोकली, दोन इंच पोकळी राहील अशी, म्हणजे गादी सरकली तरी हवेची वाट उघडी. पन्हाळीच्या तोंडाशी गादीच्या कडेला आडवी पट्टी, नाहीतर वारा थेट गादीच्या पोटात शिरतो आणि कडेच्या भागात ती निकामी होते. तो वरचा जुना झरोका आतून फळीने बंद. एक्झॉस्टचा पाइप भिंतीतून बाहेर काढून त्याला झडप, आणि पोटमाळ्यातून जाणाऱ्या पाइपालाही गादी गुंडाळली, नाहीतर वाफ वाटेतच थंड होऊन पाणी परत बाथरूममध्ये गळतं. ओला झालेला वरचा थर काढून नवा.

मापाचा हिशोब मी या वेळी स्वतः केला. अमेरिकेच्या घरबांधणीच्या कोडमध्ये नियम आहे, पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी जागा हवेला पाहिजे, आणि काही अटी पाळून ती खाली-वर नीट वाटलेली असेल तर १/३०० चालते. माझे ६०० चौरस फूट, म्हणजे २ चौरस फूट, निम्मं खाली निम्मं वर, प्रत्येकी १४४ चौरस इंच. टर्बोचा २० इंची गळा ३१४ चौरस इंच, वर भरपूर. खाली १४ जाळ्या, प्रत्येकी ४ बाय १२ इंच, कागदावर ६७२, पण पट्ट्या आणि बारीक जाळी निम्मी तरी जागा खातात, राहिले ३३६. वरच्यापेक्षा जरा जास्तच, आणि तसंच पाहिजे, खाली कमी पडलं की टर्बो घरातून ओढणार. डासांच्या जाळीवर धूळ बसते, ती वर्षातून एकदा ब्रशने झाडायची, हे काम आता माझ्या गळ्यात.

छोट्या गोष्टी पटापट. चढायचं झाकण, जेमतेम ४ चौरस फुटांचं, सगळ्यांनी गादीशिवायच ठेवलं होतं, नुसता प्लाय. क्षेत्रफळ एक टक्कासुद्धा नाही, पण माझ्या हिशोबाने एकूण उष्णतेतली चार-पाच टक्के तिथूनच येत होती. त्याच्या पाठीवर गादी चिकटवली आणि कडेला रबराची पट्टी लावली. एका जागी पोरांनी वायरीभोवती थर्माकोलचे तुकडे कोंबले होते ते मी काढायला लावले, पीव्हीसीची वायर थर्माकोलला कायम चिकटून राहिली की तिच्यातला प्लास्टिसायझर (आवरण मऊ ठेवणारं रसायन) थर्माकोलमध्ये उतरतो आणि वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. सीलिंगमधल्या जुन्या गरम होणाऱ्या लाइटांवर गादी टाकू नका, चारी बाजूंनी तीन इंच मोकळं सोडा, नाहीतर झाकता येतील असे दिवे घ्या. आणि पाय फक्त लाकडावर ठेवा. आमच्याकडे एका पोराचा पाय सीलिंगमधून खाली आला, खोलीत बसलेल्या माझ्या मुलीला छतातून चप्पल दिसली. लागलं नाही त्याला. पॅच नीट मारून दिला, रंग मात्र जुळलेला नाही.

तर स्टार असे: फटी बुजवणं पाच, माल पाच, पोरांचं काम दोन, परत येऊन दुरुस्ती चार, फोनवरचं पहिलं उत्तर शून्य. सरासरी काढली तर कमीच पडेल, पण पहिल्या दिवसाचं काम असं होतं की साडेतीनच्या खाली हात जात नाही.

दुरुस्तीनंतरच्या थंड रात्री पहाटे पाचला टॉर्च घेऊन वर गेलो होतो. खिळे कोरडे. एका टोकाच्या गाळ्यात तीन-चार थेंब दिसले, तिथली पन्हाळी एका बाजूने सुटली आहे, मिस्त्रीला फोटो पाठवलाय, त्याने अंगठा पाठवलाय.